हिरव्या पालींचा पहिला हिवाळा

रात्रीतून स्ट्रॉबेरीच्या पानांवरचं दव गोठलं होतं आणि दगडी बांधापाशी एक हिरवी पाल लाकडासारखी ताठ पडली होती. महाबळेश्वरच्या उघड्या मळ्यात या पालींचा हा पहिलाच हिवाळा. सारजाबाईंनी तिला उचललं, ओंजळीत धरलं आणि तोंडाची वाफ देत त्या बसून राहिल्या. एरवी अंगावर पाल पडली, तर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय चुलीकडे न फिरकणारी ही बाई!

मधमाश्या संपल्यापासून मळ्यात फळ धरायचं ते खुरटं, वेडंवाकडं. पावसाळा सरताना या पाली मळ्यात आणून सोडल्या, त्या फुलांतला मध चाटत, पराग या फुलावरून त्या फुलावर नेत हिंडू लागल्या आणि नऊ वर्षांनी यंदा फळ टपोरं भरलं.

बांधावर ऊन आलं तशी पाल हलली. तिच्या हनुवटीला कालचे पिवळे परागकण अजून चिकटलेले होते.

"लई उपकार गं बाई तुझे," सारजाबाई पुटपुटल्या.

घरातून सुनेनं हाक मारली, "आत्या, पालीला शिवलात ना? आंघोळीला कढत पाणी काढलंय."

"ते बाटल्यांत भरून इकडं आण. बांधावर हिच्यासाठी बांधलेल्या बांबूच्या नळ्यांत हिची अंडी गारठलीत, त्यांना शेक देऊ," सारजाबाई म्हणाल्या. "मी उरकते गार पाण्यानं."