घंटेचा बोकड

ट्रकला फळी लावून झाली, तरी पठारावरच्या अकरा घरांतलं एकही माणूस चढेना. शेवटी वस्ती हलवायला आलेल्या साहेबांनी म्हाताऱ्या सिदबालाच गाठलं. "आजोबा, सगळे तुमचं ऐकतात. तुम्ही चढलात की येतील मागोमाग. नव्या गावात पाणी दारात, अन् पहिलं घर तुमचं."

सिदबाला ते पटलं. माणसाचं आणि मेंढराचं सारखंच, असं तो जन्मभर म्हणत आला होता. खाटकाच्या टेम्पोत मेंढरं काही केल्या चढायची नाहीत, म्हणून त्यानं गळ्यात घंटा बांधलेला एक बोकड पाळला होता. बोकड पुढं चढायचा, मेंढरं मुंडी खाली घालून मागं जायची. टेम्पो भरला की सिदबा तेवढ्या बोकडाला उतरवून घ्यायचा आणि गुळाचा खडा चारायचा. दर खेपेला बायको ठकूबाई तोंड फिरवायची.

सिदबा काठी टेकत फळीवरून चढला. मागून ठकूबाई, मग सुना, लेकरं, अख्खी वस्ती चढली. तेवढ्यात साहेबांनी त्याचा दंड धरला.

"तुम्ही उतरा, आजोबा. उद्या पलीकडची वस्ती उठवायचीय."

सिदबा उतरला, ट्रकचा मागचा फाळका लागला. ड्रायव्हरनं विचारलं, "ह्या सगळ्यांना सोडू कुठं?"

"तालुक्याच्या स्टँडवर," म्हणत साहेबांनी सिदबाच्या हातावर पेढा ठेवला.

गाडी हलली. फाळक्यावरून ठकूबाई एकटक त्याच्याकडं बघत होती. आज तिनं तोंड फिरवलं नाही.

"खावा की," ती म्हणाली. "तुमचाच गूळ हाय."