काळ्या कापडामागचे हात

“ताएओच्या शंभराव्या दिवसाच्या फोटोत माझे हात दिसताहेत,” असा त्याच्या आईचा निरोप आला आणि स्टुडिओत फोटोंची सफाई करणाऱ्या ह्येरिनने लगेच तो फोटो उघडला. बाळाला शंभर दिवस झाले की असा फोटो काढायची इथली रीत; तेव्हा आई काळ्या कापडामागे बसून बाळाला धरते. ते हात पुसूनच फोटो द्यायचा असतो. पण मॉनिटरवर तर नुसतं काळं कापड! तिला काही कळेचना. शेवटी तिने मॉनिटर तपासायचे, काळ्यापासून करड्यापर्यंतच्या छटांचे वीस चौकोन स्क्रीनवर लावले. वीसपैकी पहिले नऊ काळ्यात पार बुडालेले. तिने मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवत नेला, तसे चौकोन एकेक करून उमटले आणि फोटोत बाळाच्या काखेतले दोन हातही.

तिने ओशाळून फोन लावला. “ताएओच्या आई, आमच्याच मॉनिटरची चूक हो. आत्ता पुसते.”

“अहो, पुसताय कुठे? शंभर दिवस मीच धरून बसलेय त्याला. एका तरी फोटोत दिसू दे की मला!”