मास्तरांचा चाकू

"पुन्हा?" कारागिराने चष्म्यावरून पाहत विचारलं.

"पुन्हा," मास्तर ओशाळून म्हणाले आणि रुमालात गुंडाळलेला चाकू त्यांनी टेबलावर ठेवला. घडीचा चाकू, शिंगाची मूठ, पात्यावर तांबूस गंज. पहिले पाढे पंचावन्न.

सहा महिन्यांपूर्वी मास्तर पहिल्यांदा आले, तेव्हा तो उघडतही नव्हता. पोस्टातून निवृत्त झालेला एकटा माणूस. जुन्या पेटीच्या तळाशी चाकू सापडला होता आणि तो वडिलांचा की आणखी कुणाचा, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. कारागिराने चार दिवस तो रॉकेलात भिजवला, मग पातं उजेडात धरलं.

"कारखान्यातला नाही, लोहाराच्या हातचा आहे. साठ-सत्तर वर्षांचा. आणि वापरणारा डावरा होता. झीज बघा, उलट्या बाजूला."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. वडील डावरे होते. त्यांचा एक फोटोसुद्धा उरला नव्हता.

त्या दिवशी दोघं दुपारभर बोलत बसले. कारागिराची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि हल्ली धार लावून घेतो कोण? लोक सरळ नवी सुरी आणतात. दुकानात दिवसभर बोलायचा तो एकटा रेडिओ.

तेव्हापासून दर महिन्याला चाकूवर गंज आणि मास्तर दारात हजर.

"माझ्या घरालाच ओल असणार. आणि मी हा असा वेंधळा."

"कोरडा ठेवत जा हो, मास्तर," कारागीर बजावायचा आणि चहाचं आधण ठेवून कामाला लागायचा. आधी पॉलिश कागद, मग दगड. शेवटी फळीवरच्या लहान बाटलीतले दोन थेंब फडक्यावर घेऊन पात्यावर आणि सांध्यात जिरवायचे. बाकीच्यांच्या सुऱ्या-कात्र्यांना डब्यातलं साधं तेल, मास्तरांसाठी मात्र ही खास बाटली. मास्तरांना त्याचा केवढा मान वाटायचा.

आज त्यांनी चहाला हात लावला नाही.

"पातं केवढं झिजलंय बघा. अजून दोन-तीनदा घासलंत की संपलं. वडिलांचं दुसरं काही नाही हो माझ्याकडे."

"हं," कारागीर म्हणाला.

"आणि रविवारी मुलगी न्यायला येतेय. कायमचं. तिकडे तुमच्यासारखा माणूस कुठून आणू? या वेळी असं काहीतरी करा, की परत गंजच चढू नये."

कारागिराने रेडिओ बंद केला. मग अगदी हलक्या हाताने, कमीत कमी पोलाद जाईल असा, त्याने गंज काढला. बराच वेळ लावला. मास्तर मुलीच्या घराबद्दल, नातवाबद्दल बोलत राहिले. तो मान डोलवत होता, पण त्याला फार एकटं वाटत होतं.

शेवटी त्याने फडकं उचललं. सवयीने हात फळीकडे गेला आणि तिथेच थांबला.

मग मिठाच्या पाण्याची ती बाटली जागच्या जागी राहू देऊन, सहा महिन्यांत पहिल्यांदा, मास्तरांच्या चाकूसाठी त्याने तेलाचा डबा उघडला.