पडद्यामागचा थर

"हनुवटी इथे टेकव बाळा, आणि हिरव्या ठिपक्याकडे बघ," तपासनीस बाई म्हणाल्या.

मनवाने हनुवटी टेकवली. तिची आई, वृंदा, मागे उभी राहून यंत्राकडे बघत होती. मूल उन्हात खेळलं नाही की डोळ्याच्या पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर पातळ होतो, आणि तो पातळ निघाला की कायद्याने मुलाची रवानगी वर्षभरासाठी सरकारी क्रीडा-वसतिगृहात. वृंदा तर जूनपासून रोज शाळा सुटली की मनवाला थेट तळघरातल्या चोरट्या क्लासच्या दारात सोडत होती. स्कॉलरशिप हातची जायला नको होती.

यंत्र थांबलं. बाईंनी भुवया उंचावल्या.

"अहो, काय सुरेख थर आहे! रोज चांगली उन्हात हुंदडते वाटतं पोर?"

वृंदाने सोडलेला श्वास अर्ध्यावरच अडकला. रोज? कुठे? कधी? पण बाईंसमोर विचारणार कसं?

"हो," ती कशीबशी म्हणाली, "खेळायची आवडच आहे तिला."

मनवाने मान वर केली. तिचं नाक उन्हाने रापून सोललं होतं. ॲलर्जी समजून महिनाभर वृंदाच त्यावर मलम चोळत होती.