न लागलेला दिवा

लवूने बॉनेट उघडलं आणि ब्रेकच्या तेलाच्या डबीत बोट घातलं. बोट कोरडंच बाहेर आलं.

"डॉक्टर, यात तेल नाही हो," तो म्हणाला. "तेल उतरलं की या गाडीत स्टिअरिंगपुढे तांबडा दिवा लागतो. तुम्ही बघितला नाही?"

"कसला दिवा? महिना झाला गाडी घेऊन, एकदाही लागला नाही," डॉक्टर सामंत म्हणाले. "पेडल खाली जायला लागलं म्हणून कट्टा गावापासून इथे कसालपर्यंत पहिल्या गिअरमध्ये आलो."

गॅरेजचा पत्रा मे महिन्याच्या उन्हाने तापला होता. ही गाडी लवूच्या ओळखीची होती. गोव्याहून आणलेली ही जर्मन गाडी डॉक्टरांआधी जामसंड्याच्या भाई प्रभूंची, आणि दीड वर्षापूर्वी ती चालवत होता भाईंचा ड्रायव्हर, लवूचा धाकटा भाऊ शिवा. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती उतारावर थांबली नाही. रस्त्याकडेला लाकडांची मोळी टेकवून बसलेली मथुरा म्हातारी जागच्या जागी गेली. पेडलात जीवच नव्हता, असं शिवा ज्याला त्याला सांगत राहिला. पोलिसांनी तपासणी केली तेव्हा मात्र पेडल कडक लागलं. भाईंनी कोर्टात सांगितलं, ब्रेक बिघडला असता तर दिवा लागला असता. दिवा लागला होता का, असं शिवाला विचारलं. तो खोटं बोलला नाही, नाही म्हणाला. त्या एका 'नाही'ने त्याला वर्षभर तुरुंगात बसवलं.

लवूलाही कोर्टाने विचारलं होतं, भाऊ गाडी जोरात चालवतो का. "हळू चालव म्हणून मी कितीदा सांगितलं," लवू म्हणाला होता. गाडी मला एकदा उघडून बघू द्या, एवढं मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता तो उताणा पडून स्टिअरिंगखाली शिरला. हातातली बॅटरी लावून एकेक वायर चाचपत गेला. दिव्याची वायर सापडली. पकडीने सरळ तोडलेली, दोन्ही टोकांना काळी पट्टी गुंडाळलेली, पट्टीवर धुळीचा थर. त्याने पट्ट्या सोडवल्या, डॉक्टरांना किल्ली फिरवायला सांगितली आणि टोकं एकमेकांना लावली. दिवा लालभडक पेटला.

"अरे हो, हाच तो," डॉक्टर वाकून म्हणाले. "भाई बोलले होते मला. एक दिवा सारखा त्यांच्या डोळ्यांवर यायचा, म्हणून बेळगावला गेले तेव्हा त्यांनी तो काढून टाकायला लावला. चतुर्थीला, म्हणजे तुझ्या भावाच्या अपघाताच्या आधी दोन महिने—"



लवू बाहेर आला. हातातला पाना त्याने भिरकावला तो समोरच्या पिंपावर जाऊन आदळला.

"डोळ्यार येय होतो! दिवो डोळ्यार येय होतो तेच्या!" तो ओरडला. "म्हणान माझो भाव वरीसभर तुरुंगात? म्हणान ती म्हातारी मेली?"

हात न पुसताच तो रस्त्याकडे निघाला. डॉक्टरांनी धावत जाऊन त्याचा दंड धरला.

"जामसंड्याला जाऊन काय करशील? भाईंचं डोकं फोडशील आणि तूही आत जाशील. थांब. भाई मला जे बोलले ते मी लिहून देतो. कोर्टातही सांगतो."

"तुमचो तेंच्याशी घरोबो आसा, डॉक्टर."

"मथुरेला माझ्याकडेच आणलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं."

लवू परत फिरला. मागचं डावं चाक त्याने काढलं. आतला ब्रेकचा रबर फाटला होता, सगळं तेल गळून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं होतं. तेव्हाही ते असंच उतरलं असणार आणि अपघातानंतर कुणीतरी वरून भरत राहिलं असणार. त्याशिवाय तपासणीच्या दिवशी पेडल कडक लागलं नसतं. अंगण सारवावं तसं वरवर सगळं झाकलेलं. त्याने नवा रबर घातला, डॉक्टरांना पेडल मारायला बसवलं आणि चाकामागच्या छोट्या बोंडातून ब्रेकच्या नळीतली हवा निघून निखळ तेल येईपर्यंत मान वर केली नाही. वायर जोडली. डबी भरल्यावर दिवा विझला. डॉक्टरांनी बॉनेटवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या, खाली सही केली.

कागद घेऊन लवू चिऱ्यांच्या खाणीकडे पळत सुटला. तुरुंगातून आल्यापासून शिवा तिथे चिरे तासत होता. लायसन गेलेल्या माणसाला गाडी कोण देणार? दोघांचं घर एक होतं, चुली दोन. सुटून आला त्या दिवसापासून लवू त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"शिवा!" लवूला धाप लागली होती. "दिव्याची वायर तोडलेली होती रे! तो लागूचोच नव्हतो. तू खरा बोलत होतंस!"

शिवाने मान वर केली. भुवया, मिशा, सगळं तांबड्या धुळीने माखलं होतं. लवूने पुढे केलेल्या कागदाला त्याने हात लावला नाही.

"माका ठाऊक होता," तो म्हणाला.

"आता सगळ्यांक कळतला. त्या भाईक मी सोडूचंय नाय!"

"भाई परको होतो." शिवाने हत्यार बाजूला ठेवलं आणि उठून उभा राहिला.  "तुझ्या पायाक हात लावन सांगितलंय मी, दादा. तेव्हा तुका पटला नाय. आज एका वायरीन सांगितल्यान, तर धावत इलंस."