टोपलीत न पडलेला फोन

“फोन टोपलीत, नाहीतर तू गटारात!” पुस्तककाकांनी चर्चच्या दारातच शाळामास्तरांची कॉलर धरली.

मास्तरांनी निमूटपणे फोन टाकला. काकांशी हुज्जत घालायची कुणाची टाप? वय सत्तरीचं, पण मनगट सांडशीसारखं. काखेत उशीएवढं जाड छापील बायबल. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गेल्या वर्षी नजर गेली, उपासनेत वाचता येणार नाही म्हणून रडत होते, आता बिनचष्म्याचे घडाघडा वाचत. प्रार्थनेचं फळ, असं आज्या एकमेकींना सांगत.

“शास्त्र कागदावर असतं!” काका गरजले. “काचेवर बोटं फिरवून कुणी स्वर्गात जात नाही!”

काकांचे दोन धिप्पाड पुतणे दाराशी उभे होते. टोपली धरली होती वायरमनच्या बायकोनं.

फोनबंदी मुळात तिनंच सुचवलेली. चर्चचे पाळक बाहेरगावी गेलेले पाहून गुरुवारी ती काकांकडे गेली आणि म्हणाली, “या रविवारी सगळ्यांचे फोन दारातच काढून घ्या.”

“देवानं सुबुद्धी दिली गं पोरी तुला!” काका खूश झाले. “तुझा नवरा तर भिंतीवर पडदा लावून त्यावर शास्त्र दाखवायला निघाला होता.”

खरं कारण तिनं त्यांनाही सांगितलं नाही.

चार महिन्यांपूर्वी वायरमन चर्चच्या मागच्या खोलीत मरून पडलेला सापडला. डोकं इतकं फुटलं होतं, की तिनं त्याला शर्टाच्या बटणावरून ओळखलं. वेगळ्या रंगाचं ते बटण तिनंच लावून दिलं होतं. फोन गायब होता. हवालदार म्हणाला, “चोराचं काम. सिम बंद आहे. बघू.” बघितलं कुणीच नाही.

भला माणूस होता वायरमन. चर्चचं वायफाय त्यानं फुकटात बसवलं. आज्यांना फोनवर शास्त्राची अक्षरं मोठी करून दिली. उपासनेतलं वाचनही पाळक त्याच्याकडेच देणार होते. फोनला त्यानं कुलूपसुद्धा लावलं नव्हतं. “मी काय लपवणार, कप्पाळ?” म्हणायचा. बायबलच्या अ‍ॅपमध्ये नवरा-बायकोचं खातं एकच होतं. भांडण झालं की तो आपल्या फोनवर एखाद्या वचनाला पिवळा रंग द्यायचा. ते तिच्याही फोनवर पिवळं व्हायचं, आणि तिला हसू फुटायचं.

तो गेल्यावर तिसऱ्या रविवारी, उपासना चालू असताना, तिच्या फोनवर एक वचन पिवळं झालं. मग त्याच्या खालचं. पुढच्या रविवारीही तेच. चर्चमध्ये जे वाचलं जाई, नेमकं तेच पिवळं होई.

नवऱ्याचा फोन इथंच होता, त्यानंच बसवलेल्या वायफायवर. त्याला मारणारा तिच्यासोबत बसून शास्त्र वाचत होता! पण शंभर माणसं फोनमध्ये मान खुपसून बसलेली. त्यातला कोण, ते कसं कळणार?

म्हणून टोपली. नवऱ्याचा फोन तिनं डोळे मिटून ओळखला असता. तो तिच्यासमोर टाकायची हिंमत मारणाऱ्याला होणार नव्हती. जो अडेल, तोच तो.

अडला तिचा सख्खा दीर.

“मी फोन देणार नाही. बायको दवाखान्यात आहे, कुठल्याही क्षणी बाळंत होईल.”

“मग? कळा काय तू देणारेस?” काका खेकसले. दोघंतिघं हसले.

ती हसली नाही. याच दिरानं भर लग्नात भावाचा दात पाडला होता. भाऊ जाऊन महिना होत नाही तोच यानं फोन बदलला होता.

“दाखव,” ती म्हणाली.

“वहिनी, तुम्हीसुद्धा?”

“दाखव म्हणते ना!”

त्यानं खिसा घट्ट दाबून धरला. तिचं डोकंच फिरलं. टोपली फेकून तिनं त्याच्या तोंडावर नखं ओढली. “यानंच मारलं! माझ्या माणसाला यानंच मारलं!”

मग काकांनी ते जाडजूड बायबल पुतण्याकडे न देता तसंच काखेत दाबून धरलं आणि मोकळ्या हातानं दिराच्या नाकावर ठोसा हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. पुतण्यांनी त्याला पायऱ्यांवर लोळवून लाथांनी तुडवला. “वहिनी, आईची शपथ, मी नाही!” तो ओरडत होता. ती बघत राहिली. तिला बरं वाटत होतं, अगदी पोटातून बरं वाटत होतं. खिशातून फोन निसटला. ती वाकेपर्यंत काकांची टाच त्यावर पडली होती, आणि पुतण्यानं तुकडे लाथेनं गटारात ढकलले.

“याला खांबाला बांधा. हवालदाराला निरोप धाडा,” काका धापा टाकत म्हणाले. “पण उपासना थांबायची नाही. चला आत.”

ती पहिल्या बाकावर बसली. नखांत रक्त होतं. बाहेर दीर कण्हत होता. तिचा स्वतःचा फोन तेवढा टोपलीत पडला नव्हता. गीतांच्या पुस्तकात दडवलेला होता. तिनं तो हळूच उघडला. आज काही पिवळं होणार नव्हतं. तेवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं, की ती नवऱ्याच्या नावानं पोटभर रडायला मोकळी होती.

काका व्यासपीठावर चढले. जाड पुठ्ठा आपल्या छातीकडे उघडून त्यांनी बायबल उभं धरलं, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात स्तोत्र वाचायला घेतलं. जुन्या माणसांची सवय. ओळीखाली बोट टेकवत वाचायचं.

काकांचं बोट पहिल्या ओळीखालून सरकलं, आणि तिच्या हातात पहिली ओळ पिवळी झाली.