ड्राइव्हवर मीठ नको

सकाळी आठ वाजता, उणे चार अंश थंडीत, चंद्रशेखर आपल्या पिकअपखाली पाइप घालून आडवा पडला होता. गुडघ्यापासून खालचे पाय तेवढे बाहेर. काल संध्याकाळी कौन्सिलची लॉरी बर्फ धरू नये म्हणून सगळ्या गल्लीभर मीठ फेकत गेली, तेव्हा चार खडे फाटकातून आत उडाले होते. तेवढ्यानं त्याची झोप उडाली होती.

सुप्रभा काठी टेकून दारात उभी होती. नवा खुबा बसवून तिला सहा आठवडे झाले होते. पाणी पायरीपासून फाटकापर्यंत, गाडी उभी करायच्या अख्ख्या ड्राइव्हवर पसरत चाललं होतं.

"अहो, ते पाणी गोठेल. मला साडेनऊची बस घ्यायचीय."

"पाणी गरम आहे." आवाज गाडीखालून आला.

"मग निदान नंतर मीठ टाकते थोडं. चालण्यापुरतं. दोन-चार मुठी."

पाइप थांबला. डोकं बाहेर आलं. तीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये लोकांचे मोडके खुबे बदलणारा हा माणूस, रिटायर झाल्यावर त्यानं ही पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यात आजवर एक पोतं पडू दिलं नाही.

"तुझा हिप टायटॅनियमचा आहे, सुप्रभा. टायटॅनियम गंजत नाही. हिची चासी लोखंडाची आहे, मिठानं खाऊन जाते. आता तूच सांग, काळजी कोणाची घ्यायची?"

स्वतःच्याच विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला.

"मग तुम्ही सोडा मला फिजिओला."

"ह्या रस्त्यांवर? वेड लागलंय का? मार्चपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. कॅन्सल कर."

"दोनदा केलं. आज चुकलं तर नाव काढून टाकतील. मग जन्मभर ही काठी."

"मग नीट धर ना काठी," तो म्हणाला आणि पुन्हा खाली सरकला.

गाडी घरी आली त्या दिवशी ती मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला उतरली होती. त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर तिची मूठ उघडली, मिठाचे खडे एकेक वेचून काढले आणि मोहऱ्या तेवढ्या परत हातावर ठेवल्या. "आता ओवाळ." पाहुणे हसले. तीही हसली. हसावंच लागतं.

तो आत येऊन चहा प्यायला. दोन टोस्ट खाल्ले. धुतलेलं लोखंड आता वाळलं असेल, मेण मारून टाकतो, म्हणाला आणि मेणाचा डबा घेऊन बाहेर गेला. सात-आठ पावलं गेला असेल. आधी डबा वाजला. मग तो पडल्याचा आवाज आला. मग ओरडणं.

सुप्रभानं दारातूनच बघितलं. तो पिकअपच्या मागच्या चाकाशी पडला होता. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं, पाय आखूड झालेला. सर्जनची बायको होती ती. एक्सरे काढायची गरज नव्हती.

"हिप गेला," तो दात आवळून म्हणाला. "फोन कर!"

तिनं केला. "येतायत. वीस मिनिटं."

"थंडी वाजतेय गं. ब्लँकेट आण. आणि ते मीठ... मीठ टाकत ये, नाहीतर तूही पडशील."

म्हणजे त्याला कळत होतं. मघाशीही कळतच होतं.

तिनं ब्लँकेट खांद्यावर टाकलं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पिशवीत उपडी केली आणि पिशवी गळ्यात अडकवली. एक मूठ टाकायची, बर्फ करकरला की काठी टेकायची, मग पाऊल. पुन्हा मूठ. इतकी हळू ती लग्नातही चालली नव्हती. तिच्या आणि त्याच्यामध्ये चार पावलं उरली. पुढची मूठ पडली, आणि त्यातले काही दाणे घरंगळत मागच्या चाकाखाली गेले.

"अगं, चाकाकडे नको! आत्ताच धुतलंय!" तो कळवळत ओरडला. "तिकडनं ये. फिरून ये."

तिकडे बर्फ काचेसारखा चमकत होता.

सुप्रभा थांबली. बर्फाकडे बघितलं. चाकाकडे बघितलं. त्याच्याकडे बघायला तिला जरा वेळ लागला.

मग तिनं होती तिथूनच ब्लँकेट फेकलं. अर्धं त्याच्या अंगावर पडलं, अर्धं बर्फावर. ती फाटकाकडे वळली. मूठ, काठी, पाऊल.

"सुप्रभा! कुठे चाललीस?"

"बसला."

"मी इथे असा... आणि तू..."

"नवा बसवतील. टायटॅनियमचा. तो गंजत नाही."

मूठ, काठी, पाऊल. तो काय काय ओरडत होता. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग नुसतंच. समोरच्या घराचा पडदा हलला.

फाटकाशी ती पोचली तेव्हा पिशवीच्या तळाशी एक मूठ मीठ उरलं होतं. पिकअपचं नाक फाटकाकडेच होतं, धुऊन-पुसून लख्ख. सुप्रभानं काठी फाटकाला टेकवून ठेवली. मूठ घट्ट मिटली आणि बॉनेटवरून तीनदा ओवाळली, नीट, सावकाश, डोळे मिटून.

"राहिली होती," ती म्हणाली, आणि सगळं मीठ गाडीच्या पोटाखाली भिरकावून दिलं.